कुर्ला ते खंडाळा: अवजड गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पारखताना

एक्स्प्रेसवेवर बंद पडलेले ट्रेलर ओढणाऱ्या रिकव्हरी क्रेनमध्ये आम्हाला 400 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवायचे आहे, आणि त्याला पेलेल असा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बोरघाट चढून-उतरूनच ठरवावा, असा आमचा आग्रह होता. म्हणून पहाटे कुर्ल्याहून पूर्ण भरलेल्या दोन गाड्या घेऊन निघालो. एकीत टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा जोर क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारा गिअरबॉक्स होता आणि दुसरीत एएमटी, म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, परंतु क्लच व गिअर यंत्राने हलवणारा.

निघण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा. सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात ‘चारशे घोडे आरामात ओढेल’ एवढ्या शब्दावर जुने गिअरबॉक्स दाखवले जातात. त्या शब्दावर कोणीही पैसे मोजू नयेत. दाते, शाफ्ट आणि क्लच प्लेटांवर ताण येतो तो टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा. अश्वशक्तीला 7,024 ने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. 5,600 फेऱ्यांना 400 अश्वशक्ती देणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क त्या वेगाला सुमारे 500 येतो, तर 1,400 फेऱ्यांना तेवढीच शक्ती देणाऱ्या डिझेलचा सुमारे 2,000. झेडएफ या जर्मन कंपनीच्या 8एचपी70 या गिअरबॉक्सच्या नावातला 70 हा आकडा 700 न्यूटन-मीटरचा वर्ग सांगतो. मोटारीसाठी तो गिअरबॉक्स उत्कृष्ट आहे, पण अशा डिझेलपुढे त्याचा विचारही करू नये. शिवाय गाडी जागची हलताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो, तेव्हा इंजिनाकडून येणाऱ्या टॉर्कची मर्यादा आणि कन्व्हर्टरनंतरची मर्यादा, दोन्ही विक्रेत्याला विचाराव्यात.

मानखुर्दपासून वाशी खाडीपुलापर्यंतच्या रेंगाळत्या वाहतुकीत कन्व्हर्टरची गाडी तेलाच्या जोरावर हळूहळू सरकत राहिली, तर एएमटीचा क्लच प्रत्येक हालचालीला घासत होता. मोकळ्या महामार्गावर मात्र एएमटी डिझेल वाचवते. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला मी आजही तिचीच शिफारस करीन.

खरी परीक्षा खालापूर टोलनाका मागे पडल्यावर, आडोशी बोगद्याकडे चढताना होते. पुढच्या वाहनांमुळे वेग इतका पडतो की लॉकअप क्लच, म्हणजे तेलाला वगळून इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच, सुटतो, आणि मग कन्व्हर्टरमध्ये तेल नुसते घुसळले जाऊन इंजिनाच्या शक्तीचा मोठा वाटा उष्णतेत जातो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जळतात ते बहुधा याच कारणाने. तेलाचे तापमान दाखवणारा काटा चालकासमोर असलाच पाहिजे: नेहमीच्या चालीत तो 90 अंशांच्या आसपास राहावा, आणि 120 च्या दिशेने सरकू लागला तर खालचा गिअर धरून लॉकअप लागू द्यावा, तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे चढ्या फेऱ्यांवर चालवावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरते. कूलर निवडताना गाडीच्या वजनात ओढायच्या ट्रेलरचे वजनही धरावे. आमच्या कामात ते 55 टनांपर्यंत जाते.

खंडाळ्याहून परतताना रिटार्डरचे, म्हणजे उतारावर ब्रेकशिवाय गाडीचा वेग रोखणाऱ्या गिअरबॉक्समधल्या साधनाचे, मोल कळले. ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागला, परंतु रिटार्डरची उष्णताही अखेर इंजिनाच्याच रेडिएटरला पोचते, म्हणून रेडिएटर लहान असून चालत नाही. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय ज्या चालकाला आहे, त्याच्या हाती अशी गाडी मुळीच देऊ नये.

आम्ही ॲलिसन कंपनीच्या 4000 मालिकेतला टॉर्क कन्व्हर्टरचा, रिटार्डर आणि विंचच्या (दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) पंपासाठी पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणारी जोडणी, असलेला गिअरबॉक्स निश्चित केला आहे. मागणी नोंदवताना इंजिनाचा टॉर्क, ओढायचे एकूण वजन, घाटाचा चढ आणि क्राउनचे (चाकांच्या ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचे) प्रमाण लेखी द्यावे, आणि याच कामासाठी हा गिअरबॉक्स मंजूर असल्याचे विक्रेत्याकडून लेखीच घ्यावे.