अर्धा गुण

शाळेचं पत्र आलं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी म्हणून दोन पानं लिहून द्या, विषय ‘शाळेने मला काय दिले’. तीन रविवार कागद घेऊन बसलो. प्रार्थनेची रांग, जिन्याखालची पाण्याची टाकी, स्नेहसंमेलन, पीटीच्या सरांची शिट्टी, सगळ्यांना चार-चार ओळी द्यायच्या असं ठरवून बसायचो आणि दुसऱ्या परिच्छेदात इंग्रजीच्या बाई येऊन उभ्या राहायच्या. शेवटी नाद सोडला. बाकीच्यांवर बाकीचे लिहितीलच. बाईंचं नाव लिहीत नाही. नुसतं ‘बाई’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे दुसरं कुणी येतं, तो आपल्या शाळेतला नव्हेच.

आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाला, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ‘ऐकण्याचा तास’ असायचा. वेळापत्रकात तसं काही नव्हतं, तिथे नुसतं ‘इंग्रजी’ होतं. बाई कापडी पिशवीतून स्वतःचा टेपरेकॉर्डर आणायच्या. घरी रात्री शॉर्टवेव्हवर लागणारा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा ‘स्पेशल इंग्लिश’ कार्यक्रम त्या टेप करून ठेवत. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच १९५९ साली सुरू झालेला हा कार्यक्रम. साधारण १,५०० शब्दांत सगळ्या जगाच्या बातम्या, आखूड वाक्यं आणि नेहमीच्या बातम्यांच्या दोन तृतीयांश वेगानं वाचन. तरी आम्हाला पहिल्या महिन्यात ‘गुड इव्हनिंग’च्या पुढे काही कळलं नाही. त्यात शॉर्टवेव्हची खरखर. खरखरीबद्दल कुणी तक्रार केली की बाई म्हणायच्या, “अरे, पुढे आयुष्यात तुला कोण स्वच्छ ऐकवणार आहे?”

कॅसेटची फीत अधूनमधून आत गुंडाळली जायची. मग एक जण षट्कोनी पेन्सिल कॅसेटच्या चाकाच्या दातांत घालून ती फिरवत बसायचा आणि तोवर बाई स्वतः वाचायच्या, पण फळ्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. आम्हाला ते विचित्र वाटायचं. ओठ आणि चेहरा दिसला की अर्धं डोळ्यांनीच कळतं, फोनवर आणि रेडिओवर ती सोय नसते, हे त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची त्यांना सवय नव्हती.

प्रत्येक उतारा तीनदा. पहिल्यांदा पेन खाली ठेवायचं. कोण बोलतंय, कुठं, काय चाललंय, एवढंच. दुसऱ्यांदा ऐकण्याआधी प्रश्न वाचून घ्यायचे आणि प्रत्येकापुढे खूण करायची, की इथे आकडा हवाय, इथे नाव, इथे कारण. मग ऐकत लिहायचं. तिसऱ्यांदा बाई उताऱ्याचा सायक्लोस्टाइल केलेला कागद हातात द्यायच्या आणि सांगायच्या, “कागदावर ओळखीचा आहे पण कानाला सापडला नाही, अशा प्रत्येक शब्दाला गोल करा.” पहिल्यांदा हे केलं तेव्हा आम्ही चक्रावलो. मला वाटत होतं, माझे शब्द कमी पडतात. गोल झाले ते ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘देम’, ‘वॉज’, ‘अँड’ ह्यांच्याभोवती. पाचवीपासून पाठ असलेले शब्द, आणि तेच कान चुकवून पळत होते!

त्याचं कारण बाईंनी डस्टरनं दाखवलं. टेबलावर तीन ठोके, ‘बॉइज ब्रेक पेन्स’. मग तेवढ्याच अंतरानं पुन्हा तीनच ठोके, ‘द बॉइज हॅव बीन ब्रेकिंग द पेन्स’. शब्द दुपटीहून जास्त, ठोके तेवढेच, वेळही जवळपास तेवढाच. मधले सगळे बिचारे चिरडून ‘हॅव बीन’चं ‘व्बिन’ होतं. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान देऊन बोलतो, म्हणून ऐकतानाही प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो. इंग्रजी तेवढं थांबत नाही. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चं तसंच. वाक्याच्या मध्ये ‘कॅन’चं ‘क्न’ होतं आणि ‘कान्ट’चा ‘ट’ बऱ्याचदा गिळला जातो. बाईंचा नियम होता, “‘ट’ची वाट बघू नका, जोर कुठं पडला ते ऐका. जोर पुढच्या क्रियापदावर असेल तर येतोय, ‘का’वर असेल तर येत नाही.” आजही माझा कान असाच चालतो.

वाचनाची शिस्त वेगळी, पण धागा तोच. न पाहिलेला उतारा वाचताना शब्दकोश बंद. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. शेवटपर्यंत पोचल्यावर त्यातले तीनच शब्द निवडून अर्थ बघायचा, बाकीच्यांचा अंदाज. ‘रिलक्टंट’ हा शब्द मला कसा कळला ते अजून आठवतं. म्हाताऱ्या कुत्र्याला तहान लागली होती, पण ज्या नदीत तो एकदा बुडता बुडता वाचला होता तिच्याजवळ जायला तो ‘रिलक्टंट’ होता. मी ठामपणे म्हणालो, “थकलेला.” बाईंनी विचारलं, “वाक्यात ‘पण’ आहे ना? ‘पण’च्या अलीकडे काय आणि पलीकडे काय?” तेव्हा उमगलं, ‘नाखूष’. ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ ह्या शब्दांना त्या ‘सांधे’ म्हणत. सांधे सापडले की उतारा वाकवून बघता येतो.

ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटातली सोप्या इंग्रजीची पातळ पुस्तकं आठवतात का कुणाला? मोजक्या शब्दांची, पायरीपायरीनं चढत जाणारी अशी वाचनमाला मायकेल वेस्ट ह्या शिक्षणाधिकाऱ्यानं १९२०च्या दशकात ढाक्यात असताना तयार केली होती, हे मला फार उशिरा कळलं. बाईंचा नियम असा की पुस्तक उघडून कुठलंही एक पान वाचायचं, पाचाहून जास्त ठिपके पडले तर पुस्तक परत आणि त्याहून पातळ घ्यायचं. आम्हाला तो अपमान वाटायचा. दहावीत असून सहावीतल्या मुलाचं पुस्तक घेऊन जिना उतरायचा म्हणजे काय! पुढे वाचनात आलं की हू आणि नेशन ह्या दोन अभ्यासकांनी २००० साली हेच तपासलं होतं. गोष्टीचं पुस्तक शब्दकोशाशिवाय नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधी माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्या पातळ पुस्तकांच्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द असायचे. अडीचशेत पाच म्हणजे बरोबर दोन टक्के. बाईंनी हा हिशेब कुठून काढला होता देव जाणे.

आता त्या अर्ध्या गुणाबद्दल. खरं तर तेवढंच लिहायचं होतं.

नववीची सहामाही, ऐकण्याची वीस गुणांची चाचणी. एक माणूस फोनवर निरोप ठेवतो, मला गुरुवारी येता येणार नाही, तीस तारखेला येईन, दोन पुस्तकं परत आणीन. असा साधा उतारा. चौथा प्रश्न होता, तो गुरुवारी का येऊ शकत नाही? नेमका तेव्हा मागच्या बाकावरून कुणाचा तरी कंपास पडला. कर्कटक, गुण्या, सगळं खणखणत माझ्या पायाशी आलं आणि मधली दोन वाक्यं गेली. दुसऱ्या वेळेला मी पुस्तकांच्या आकड्यात अडकलो. शेजारचा पुटपुटला, “रिकामं सोडू नको.” म्हणून मी लिहिलं, ‘नॉट मेन्शन्ड’. निव्वळ जागा भरायला.

पेपर मिळाले त्या दिवशी बाईंनी मला उभं केलं. वर्गात बहुतेकांनी लिहिलं होतं, तो आजारी आहे. ते साहजिकच होतं, कारण पाठ्यपुस्तकातली न येणारी माणसं नेहमी आजारीच असतात. उताऱ्यात कारण दिलेलंच नव्हतं. बरोबर उत्तर वर्गात एकट्या माझं. “सगळ्यांनी कानात नसलेलं लिहिलं, ह्यानं नाही लिहिलं,” असं म्हणून बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी उभा. कान तापलेले. कंपास ज्याचा पडला होता तोही टाळ्या वाजवत होता.

शाळा सुटल्यावर मी शिक्षकखोलीच्या दारात दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा बाईंनीच हाक मारली. मी सांगितलं, “बाई, मला ऐकूच आलं नव्हतं.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पेपर मागितला, लाल पेनानं चौथ्या प्रश्नापुढचा १ खोडला. म्हणाल्या, “‘मला ऐकू आलं नाही’ हे एक, आणि ‘त्यानं सांगितलंच नाही’ हे दुसरं. दोन्हीचं उत्तर कागदावर सारखं दिसतं.” मग जरा थांबून खोडलेल्या १ शेजारी अर्धा लिहिला आणि पेपर परत दिला. तो अर्धा कशाचा, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

आज मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. थोडी मिरवून घेतो, स्मरणिकेत नाही मिरवायचं तर कुठं? आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरचे वैमानिक आणि त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक ह्यांच्यासाठी मार्च २००८ पासून इंग्रजीच्या सहा पायऱ्यांची कसोटी लागू झाली. चौथी किमान हवी, मला सहावी मिळाली. तिच्यात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह ह्यांच्या बरोबरीनं आकलनही तपासतात. परीक्षकानं विचारलं, कान कुठे तयार केलात? मी म्हटलं, खरखरीत.

आमच्या कामात मी सूचना द्यायची, वैमानिकानं ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची आणि तो बरोबर म्हणतोय का हे मी ऐकायचं. तिसरा भाग दिसतो त्याहून फार अवघड, कारण जे ऐकायची आपली तयारी असते तेच कान ऐकवतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चा घोळ नको म्हणून दिशा आणि उंचीचे आकडे सुटे बोलतात, ‘वन थ्री झीरो’ असे. त्यातही ‘थ्री’चा ‘ट्री’, ‘फाइव्ह’चा ‘फाइफ’ आणि ‘नाइन’चा ‘नाइनर’ करायचा, म्हणजे खरखरीतही एकाचा दुसरा होत नाही.

प्रशिक्षणात स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात शिकवला. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट, ५८३ माणसं गेली. उड्डाणानंतर कुठून कसं जायचं हे एका विमानाला कळवलं गेलं होतं. त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता, उड्डाणाची परवानगी मात्र नव्हती. विमान धावू लागलं. वैमानिक म्हणाला, ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ’, आणि मनोऱ्यातल्या माणसाला वाटलं, हा जागेवर उभा आहे. पुढचे शब्द मनोरा आणि दुसरं विमान एकाच वेळी बोलल्यानं शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. वर्गात सगळे तांत्रिक प्रश्न विचारत होते. माझ्या डोळ्यांपुढे चौथा प्रश्न. परवानगी सांगितलीच नव्हती.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. कोपऱ्यातली खोली पाडली, हे बरं झालं नाही, एवढंच लिहितो. नवी भाषा-प्रयोगशाळा छान आहे, प्रत्येकाला हेडफोन, पडदा. मुलं इंग्रजी व्हिडिओ बघत होती, खाली अक्षरं पळत होती. मी एकाचे हेडफोन हळूच काढून माझ्या कानाला लावले, तरी तो तसाच बघत राहिला. आवाज गेल्याचं त्याला कळलंच नाही! तो वाचत होता. बाई असत्या तर पडद्याच्या खालच्या बाजूला पुठ्ठा चिकटवला असता.

हे लिहायला घेतलं तेव्हा बाईंना फोन केला. आवाज तोच, फक्त आता त्यांना दोनदा सांगावं लागतं. समारंभाला येणार का विचारलं, तर तारीख आणि वेळ त्यांनीच मला सांगितली. सवयीनं मी ती त्यांना जशीच्या तशी परत म्हणून दाखवली. “बरोबर,” त्या म्हणाल्या. मग धीर करून त्या अर्ध्या गुणाबद्दल विचारलं.

“अर्धा?” बाई म्हणाल्या, “मी जन्मात कुणाला अर्धा गुण दिलेला नाही. तू नीट ऐकलं नसशील. पेपर असेल तर घेऊन ये, बघते.”