‘वस्त्रहरण’मधला संकासुर

‘वस्त्रहरण’ गावात बसवायला घेतलं की पहिल्याच तालमीला सगळे शिव्यांवर तुटून पडतात आणि नाटक तिथेच हातचं जातं. गंगाराम गवाणकरांच्या या मालवणी नाटकात गावकरी द्रौपदी-वस्त्रहरणाचं पौराणिक नाटक करायला जातात आणि त्यांची फजिती होते. त्यातलं हसू शिव्यांत कमी, भाषेच्या घसरगुंडीत जास्त आहे. ती घसरगुंडी आली दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातून.

दहिकाल्याच्या, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या, रात्री आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, ब्रह्मदेव आणि मग वेद चोरणारा संकासुर. देव नि राजे छापील मराठी बोलतात, थेट ‘हे प्रिये’ थाटाची. मालवणी येते ती काळ्या कपड्यातल्या, लाल जीभ लोंबणाऱ्या संकासुराच्या तोंडी. तो भटजीची टोपी उडवतो, समोर बसलेल्या मानकऱ्यालाही सोडत नाही. मोठेपणाची भाषा एक, चेष्टेची दुसरी, हे प्रेक्षकाच्या कानात लहानपणीच बसतं. गवाणकरांनी हा संकासुर कौरव-पांडवांच्याच अंगात घातला. मुकुट डोक्यावर, गदा खांद्यावर, आणि वाक्य विसरलं की गडी घरच्या मालवणीवर!

बाकीचं काळाने दिलं. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. नाटक १९८० साली रंगमंचावर आलं, गिरण्यांचा मोठा संप त्यानंतर दोन वर्षांनी. लालबाग-परळचा चाकरमानी तेव्हा मुंबईची नाटकं बघून गावी यायचा आणि उत्सवात तसलंच नाटक करायचा हट्ट धरायचा : भाड्याची ड्रेपरी म्हणजे नाटकाचे पोशाख, पडदे, विंगेत प्रॉम्प्टर. दशावताराला एक बाकडं, पायपेटी, पखवाज, झांज पुरते. छापील संहिता नाही, आख्यान रंगपटात ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात. अशा दशावतारात मुरलेल्या माणसाच्या हातात पाठांतराची वही दिली की तो अडणारच. मच्छिंद्र कांबळींनी रंगवलेला नाटकातला तात्या सरपंच या दोन तऱ्हांच्या मधोमध उभा राहून दोन्हींना ओढत असतो.

तालमीचं बोलायचं तर आठवडाभर द्रौपदीचा प्रवेश अगदी गंभीरपणे बसवा, खराखुरा पौराणिक असल्यासारखा. अस्सल छापील सूर लागला की मगच तो मोडायला घ्या. बहुतेक मंडळं पहिल्या वाक्यापासून मालवणी हेल काढतात, मग घसरायला उंचीच उरत नाही. द्रौपदी झालेल्या पुरुषाने तर अजिबात लाडेलाडे चालू नये. दशावतारातली स्त्रीपार्टी लुगडं नेसून किती अदबीने उभी राहते ते बघा, तेवढंच करा. हसू आपोआप येतं.

आणि प्रॉम्प्टर. त्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू यायलाच हवा, पण नटाच्या अडण्यानंतर. मनात एक-दोन मोजून मग ओरडायचं. आधी ओरडला तर प्रेक्षकाला नट विसरलाय हे कळतच नाही, आणि फार थांबला तर त्यांना वाटतं, नाटक खरंच पडलं.