आईची पापणी आणि लॅबमधला ब्लॉक

मेणाचा एक चपटा तुकडा हातात द्यायला लॅबने इतकं छळावं, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आईच्या वरच्या पापणीवर रांजणवाडीसारखी गाठ आली होती. खरवडून काढली, तर त्याच जागी पुन्हा आली, आणि तेवढ्या भागातले पापणीचे केस गळले. मग तुकडा तपासायला गेला. कर्करोग आहे, पण प्रकार स्पष्ट नाही, असा रिपोर्ट आला. मुंबईच्या डॉक्टरांना सेबेशियस कार्सिनोमाची शंका आली. हा पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग. एरवी दुर्मीळ, पण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. डोळ्याच्या आतल्या पातळ आवरणात तो मध्ये मध्ये जागा सोडूनही पसरतो, म्हणून ठिकठिकाणचे तुकडे घेऊन बघावं लागतं. त्यामुळे प्रकाराची खात्री आधी हवी. "जुन्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक, दोन्ही आणा," असं त्यांनी सांगितलं.

इथे गाडी अडली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, स्लाइड नेता येतील, ब्लॉक देत नाही." का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. स्लाइड म्हणजे काचेवरचा रंगवलेला एक काप. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा. नवे काप काढून मार्करच्या (पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून कर्करोगाचा प्रकार ओळखायच्या) तपासण्या करायच्या तर ब्लॉकच लागतो. हे मी सांगितल्यावर अर्ज मागितला. अर्ज दिला, तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठी नेली, तर सही करणारे साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेले, तर पेशंट स्वतः का आली नाही? सत्तरीची बाई, डोळ्यावर पट्टी! शेवटी मी बाकावरच बसून राहिले. "साहेब येईपर्यंत हलणार नाही," म्हटलं. दुपारनंतर अनामत रक्कम भरून, सही करून ब्लॉक मिळाला. पिशवीवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घेतला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा निघाला; मग बदलून घेतला. तुम्हीही तिथेच, काउंटरवर उभ्यानेच जुळवा.

मुंबईत शंका खरी ठरली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा फ्रोझन सेक्शनने, म्हणजे तुकडा गोठवून लगेच काप बघून, तपासल्या. वरच्या पापणीचा मोठा भाग गेला, तो खालच्या पापणीतून पट्टी वर आणून भरला. त्यामुळे काही आठवडे डोळा मिटलेलाच राहतो आणि मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने उघडतात. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतात. आता दर तपासणीला डॉक्टर कानापुढच्या आणि मानेतल्या लसीका ग्रंथी चाचपतात, कर्करोग तिथे पसरला नाही ना ते बघायला.

घरात आतड्याचा कर्करोग कुणाला झाला होता का, हेही विचारतात. म्युर-टोर नावाच्या आनुवंशिक आजारात हे दोन्ही कर्करोग आढळू शकतात, तेव्हा माहिती जमवून जा. आणि हो, ब्लॉक उन्हात बंद गाडीत ठेवू नका. मेण आहे ते.