न्हाणीमागचा वास

पुदिन्याच्या अर्काची बाटली उघडून आत्याच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले. "अगो, हा तर आपल्या न्हाणीमागचा वास!"

मी मात्र हिरमुसले होते. 5 आठवडे वाट पाहिली होती! पुदिना खुडला, धुऊन पंचावर अगदी कोरडा केला, पानं हाताने जराशी चुरडली, बरणीत व्होडकात पूर्ण बुडवून फडताळाच्या अंधारात ठेवली. मधूनमधून बरणी हलवत होते. हिरवागार रंग हळूहळू शेवाळी झाला. आणि गाळल्यावर पेपरमिंटच्या गोळीचा तो थंडगार झटका त्यात नाहीच.

मग शोधलं. तो गारवा मेंथॉलचा, आणि मेंथॉल भरपूर असतं ते पेपरमिंट जातीच्या पुदिन्यात. आपल्या परसातला पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट, त्याच्या वासात मुख्य कार्व्होन हे सुगंधी द्रव्य. हिरवा, गोडसर, मऊ. म्हणजे अर्क बिघडलाच नव्हता. मी त्यात दुकानातली गोळी शोधत होते, आत्याला घर सापडलं.

गुहागरची आमची जुनी न्हाणी पाडून कधीच फरशीची बाथरूम झाली. पाणी मात्र अजून तिथेच, माडाच्या अळ्याकडे सोडलंय, आणि पुदिना जागचा हललेला नाही. आत्या लग्न होऊन गेली तेव्हाही तो तिथेच होता म्हणे.

संध्याकाळी नारळाच्या वड्या थापताना मिश्रणात अर्काचे 4 थेंब घातले. उरलेली बाटली आत्याने न विचारता पदराखाली घेतली.

तुमच्या परसातला कुठला वास बाटलीत भरून ठेवावासा वाटतो?