‘फक्त शिपिंग भरा’ म्हणणाऱ्या सीरमचा हिशेब

एखादं अँटी-एजिंग सीरम ‘रिस्क-फ्री ट्रायल’ म्हणून ४.९५ डॉलरला दिसलं, तर त्या ४.९५ चं खरं काम शिपिंगचा खर्च भागवणं हे नसतं. पूर्ण फुकट वस्तूसाठी कोणी कार्ड नंबर देत नाही. शिपिंगच्या निमित्ताने तो मिळतो.

अमेरिकेत हा धंदा फार बोकाळला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या ट्रँगल मीडिया कंपनीवर खटला भरला. तक्रारीतला मामला असा: सुरुवातीला ४.९५ डॉलर किंवा कमी, साधारण १५ दिवसांनी कार्डावर ९८.७१ डॉलरपर्यंत, आणि मग नव्या मालासकट हीच वसुली पुन्हा पुन्हा. ऑर्डर पूर्ण झाल्यावर जे पान यायचं त्यावर ‘कम्प्लीट चेकआउट’ असं बटण असायचं. ग्राहकाला वाटे, ऑर्डर अजून अर्धवट आहे. दाबलं की दुसऱ्याच वस्तूचं ट्रायल सुरू. म्हणूनच अशा लोकांच्या स्टेटमेंटवर एकाऐवजी दोन मोठ्या रकमा दिसतात. कार्डाचे तपशील एकदा भरून झाले की पुढच्या पानावरचं काहीही दाबू नका, टॅब बंद करा.

खरी मेख मुदतीत आहे. बहुतेक ठिकाणी दिवस मोजतात ते ऑर्डर दिल्यापासून, पार्सल हातात पडल्यापासून नाही. १ तारखेला ऑर्डर दिली, ६ ला डबा आला. परतीचा माल १५ च्या आत त्यांच्या गोदामात पोचायला हवा असेल तर ९-१० तारखेलाच पाठवावा लागतो. वापरायला उरले तीन-चार दिवस, आणि तेवढ्यात त्वचेवर कुठल्याच सीरमचा फरक दिसत नाही. त्यात परतीसाठी आधी फोन करून आरएमए नंबर, म्हणजे माल परत पाठवण्याच्या परवानगीचा क्रमांक, घ्यायचा. तो डब्यावर नसेल तर पार्सल नाकारतात. उघडलेली बाटली घेत नाहीत किंवा रिस्टॉकिंग फी, म्हणजे माल परत घेण्याचं शुल्क, कापतात. (उघडायचीच नाही तर ट्रायल कसलं, हे विचारायचं नाही.)

हे सगळं पानाच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांतल्या टर्म्सच्या लिंकमागे लिहिलेलं असतं. सगळं वाचत बसू नका. त्या पानावर ‘ट्रायल’, ‘रिकरिंग’, ‘रिस्टॉकिंग’ हे इंग्रजी शब्द शोधा, दोन मिनिटांत खरी किंमत सापडते. आधीच टिक केलेला चौकोनही पाहून घ्या.

अडकलाच असाल तर फोनच्या आधी ईमेल करा: ऑर्डर नंबर, तारीख, सबस्क्रिप्शन रद्द, यापुढे माझ्या कार्डावर रक्कम लावायला परवानगी नाही. फोन केला की समोरचा आधी २५ टक्के परत देतो म्हणेल, मग ५०. तडजोड मान्य केलीत की पुढे बँकेसमोर कंपनी तीच पुढे करते. नुसतं कार्ड बदलूनही भागत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या अपडेटर सेवेतून जुन्या व्यापाऱ्याकडे नवा नंबर पोचू शकतो.

बँकेत वाद नोंदवताना सरळ ‘फ्रॉड’ म्हणू नका. कार्ड तुम्हीच टाकलंय. कंपनी पत्ता आणि डिलिव्हरीचा पुरावा दाखवून मोकळी होते. ‘रद्द केल्यावरही रक्कम लावली’ किंवा ‘अटी स्पष्ट दाखवल्या नव्हत्या’ असं लिहा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी क्रेडिट कार्डासाठी स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं. चार्जबॅकचं (बँकेने वाद मान्य करून कंपनीकडून रक्कम परत घेणं) नाव काढताच कंपन्या नरमतात, कारण चार्जबॅकचं प्रमाण वाढलं की कंपनीचं कार्डाने पैसे घेण्याचं खातंच बंद होतं. ते टाळायला काही जण कागदोपत्री कंपन्यांच्या नावावर अनेक खाती ठेवतात. स्टेटमेंटवर अनोळखी नाव दिसतं ते बरेचदा यामुळे.

भारतात परिस्थिती थोडी बरी. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत डार्क पॅटर्नचे, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाइटवरच्या क्लृप्त्यांचे, १३ प्रकार आहेत. त्यातल्या ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये फुकट सेवेसाठी ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणंही येतं. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (ठराविक काळाने आपोआप रक्कम कापण्याची आगाऊ परवानगी) नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि तेव्हा ती थांबवता यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. यूपीआयवर पिन टाकण्याआधी ‘ऑटोपे’ लिहिलंय का, कमाल रक्कम किती आणि मुदत कधीपर्यंत, एवढं पाहा. ९९ रुपये समजून ९९९ पर्यंतची मासिक परवानगी देऊन बसणं अगदी सोपं आहे. ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून ती रद्द करता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

परदेशी साइटवर मात्र या कवचाची खात्री नाही. तिथे कित्येकदा ओटीपीही येत नाही, आणि वर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते शुल्क, व त्यावरचा जीएसटी लागतो. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं बटण असतं. एरवी ते बंद ठेवा, लागेल तेव्हा दहा मिनिटांपुरतं चालू करा.