खारघर ते हुआ हिन: बाहेर गोल्फला जायचं तर आधी भाग ठरवा, कोर्स नंतर

खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर रविवारची राउंड संपवून चहाला बसलं की विषय एकच, यंदा बाहेर कुठे खेळायला जायचं. दोन वर्षं नुसत्या गप्पा चालल्या होत्या, शेवटी या जानेवारीत आम्ही चौघं जाऊन आलो. मी, नवरा आणि सोसायटीतले काका-काकू. काका ६८ वर्षांचे, एक गुडघा बदललेला, काकू खेळत नाहीत, माझा हँडिकॅप २८, म्हणजे खेळ बेताचाच. सहा रात्री, चार राउंड, थायलंडमधलं हुआ हिन.

आधी आमची यादी नुसती कोर्सच्या नावांची होती. फुकेतचा ब्लू कॅन्यन, कारण १९९८ ला टायगर वूड्स तिथे जिंकला होता, मग पट्टायाजवळचा सियाम कंट्री क्लब, मग हुआ हिनचा ब्लॅक माउंटन. नवऱ्याने एका रात्री हे सगळं मॅपवर टाकलं तेव्हा कळलं की सहा दिवसांतले जवळजवळ अडीच दिवस गाडीत आणि एअरपोर्टवर जाणार. तेव्हा ठरवलं की गाव एकच घ्यायचं, आणि हॉटेलपासून अर्ध्या-पाऊण तासात जे कोर्स येतील तेवढेच खेळायचे. माझं तुम्हालाही हेच सांगणं आहे.

दुसरी गोष्ट महिना. फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस. व्हिएतनामचं दा नांग खूप जण सुचवतात, कोर्स सुंदरच आहेत, पण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीतच. चियांग माई डिसेंबर-जानेवारीत छान गार, पण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात त्याचा धूर असतो, दमा असेल तर जाऊच नका. श्रीलंका जवळ आहे, रॉयल कोलंबो १८७९ चा क्लब आणि कोर्समधून चक्क ट्रेन जाते, पण चांगले कोर्स मोजकेच आणि एकमेकांपासून लांब. काकांचं मन स्कॉटलंडमध्ये होतं, पण सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स चालत खेळायचा, गुडघा बघता ते नको झालं.

हुआ हिन कोरडं का, तर पश्चिमेला बर्माच्या हद्दीवर डोंगररांग आहे आणि तिकडून येणारा पाऊस तिथेच अडतो. खंडाळ्याला धो धो आणि दौंडला कोरडं, तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मात्र तिथेही पडतो.

मुंबई-बँकॉक साधारण सव्वाचार तास आणि घड्याळ दीड तास पुढे, मग बँकॉकहून २०० किमी रस्ता, तीन-साडेतीन तास धराच. सुवर्णभूमी एअरपोर्टवरून थेट बसही आहे. आम्ही गाडी बुक केली होती, 'चार माणसं' एवढंच सांगून, आली साधी सेडान. तीन गोल्फ बॅगा आणि चार सुटकेस, कशा मावणार? दुसरी गाडी येईपर्यंत तासभर उभे होतो आणि रात्रभर न झोपलेल्या काकांचा चेहरा बघवत नव्हता. बुकिंग करताना माणसांबरोबर बॅगांचा आकडाही लिहून द्या, फोटोच पाठवा. आणि पोचल्या दिवशी टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, घेऊ नका. गोल्फ बॅग १५ किलोच्या घरात जाते, त्यामुळे विमानाचं जास्तीचं वजन तिकिटाबरोबरच घ्या, काउंटरवर महाग पडतं.

रॉयल हुआ हिन हा तिथला जुना कोर्स, १९२४ चा, जुन्या लाकडी रेल्वे स्टेशनच्या मागेच, एका स्कॉटिश रेल्वे इंजिनिअरने आखलेला. झाडं जुनी, टेकडीवरून समुद्र दिसतो. थायलंडमध्ये कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी मदतनीस, घ्यावीच लागते, प्रत्येकाला वेगळी, बहुतेक बायकाच असतात. काकांच्या कॅडीला इंग्लिश जेमतेम येत होतं. बारा फुटांचा पट (भोकात बॉल घालायचा हळू फटका) होता, काकांना सरळ वाटत होता, तिने बॉल ओल्या टॉवेलने पुसला, गुडघ्यावर बसून त्यावरची रेघ फिरवली आणि म्हणाली "साय", म्हणजे डावीकडे, आणि दोन बोटं दाखवली, दोन कप, म्हणजे भोकाच्या दुप्पट रुंदीएवढं. गवताचा कल तिला पाठ होता. पट पडला. काकांनी टोपी काढून नमस्कार केला, तिनेही हात जोडले, आणि काका दिवसभर तेवढंच सांगत होते. उजवीकडे म्हणजे "ख्वा", हे दोन शब्द पाठ करूनच जा. कॅडीची टिप ग्रीन फीमध्ये (कोर्सवर खेळायच्या फीमध्ये) नसते, आम्ही प्रत्येकी ४०० बाट देत होतो, सुटे आधीच काढून ठेवा. बग्गीचेही (कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीचे) वेगळे पैसे, आणि वीकेंडपेक्षा वीकडेला ग्रीन फी बरीच कमी.

बरोबर न खेळणारं कोणी असेल तर भाग निवडताना त्यांचाही विचार करा, हे कळकळीने सांगते. काकूंनी सागवानाचा मृगदायवन राजवाडा बघितला, समुद्रावर चालल्या, संध्याकाळी नाइट मार्केट, एक दिवसही कंटाळल्या नाहीत. सिकाडा मार्केट फक्त वीकेंडला असतं. काकू शाकाहारी, तिकडे भाजीतही फिश सॉस पडतो, तर "जे" म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान शाकाहारी.

जायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा, सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. व्हिसाचे नियम बदलतात, तिकीट काढायच्या दिवशीच बघून घ्या. टी टाइम सकाळी सात-साडेसातचा घ्या, अकरानंतर ऊन लागतं. जानेवारीत गर्दी असते, आम्ही ऑक्टोबरमध्ये बुक केलं तरी ब्लॅक माउंटनला सकाळचा एकच स्लॉट उरला होता.