अपग्रेडनंतर २५ चं २४ झालं
आज एडिटिंगचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि अख्खी दुपार सेटिंग्ज शोधण्यात गेली. दशावताराचं शूटिंग सेकंदाला २५ फ्रेम्सचं (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), पण नव्या आवृत्तीने माझे जुने प्रीसेट, म्हणजे जतन केलेल्या सेटिंग्ज, बाजूला सारून टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) २४ वर उघडली. म्हणजे दर सेकंदाला एक फ्रेम गायब. स्थिर शॉटमध्ये कळतही नाही, पण राक्षस गिरकी घेतो तिथे चित्र चक्क अडखळतं. आणि यात एकदा क्लिप टाकल्या की फ्रेम रेट बदलता येत नाही, नवी टाइमलाइन करून सगळं पुन्हा मांडायचं!

२४ हा सिनेमाचा आकडा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंदाचं शटर (प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ) ठेवलं की मांडवातल्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. ही निवड विचार करून केलेली असते हो. अपग्रेडने ती न विचारता पुसू नये, असं मला मनापासून वाटतं.

ऑडिओचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) मात्र ४८ किलोहर्ट्झवरच होता, पखवाज आणि झांज सुखरूप.

कुणी अपग्रेड करणार असाल तर आधी जुने प्रीसेट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि पहिली क्लिप टाकण्याआधी फ्रेम रेट बघा.